घरचं आणि दारचं : तिबेटचा राखणदार

लोणच्याच्या बरण्यांपासून मुलांच्या दातांपर्यंत कितीतरी विषय या सदरात येऊन गेले. कुत्र्याचा विषय मात्र कधी निघाला नव्हता. तो काढला जळगावच्या एका वाचक भगिनीने. पत्र चार पानी आहे, थोडक्यात सांगते. त्यांच्या कॉलनीत लागोपाठ दोन चोऱ्या झाल्या. घरात त्या, त्यांचे पती, कॉलेजात जाणारा मुलगा, सातवीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. बंगला स्वतःचा, पुढे छोटंसं अंगण. मुलाने मोबाइलवर एका कुत्र्याची चित्रं दाखवली. सिंहासारखी आयाळ, अस्वलासारखे पंजे. नाव तिबेटन मॅस्टिफ. वडिलांनाही तो पसंत पडला. पिल्लाची किंमत ऐकून सासूबाईंचा जप मध्येच थांबला म्हणे! पुढे त्या लिहितात, "हा कुत्रा मुळात कुठला आणि स्वभावाने कसा? आणणार बाप-लेक, पण दिवसभर घरात त्याच्याबरोबर मी असणार. मला कुणी विचारलंच नाही, म्हणून तुम्हाला विचारते."

हे शेवटचं वाक्य आपल्यापैकी अनेकींच्या ओळखीचं असेल. म्हणून आजचं सगळं सदर या एका पत्राच्या उत्तराला देते आहे.

आधी गाव आणि कूळ

सून आणायची किंवा मुलगी द्यायची तर आपण गाव विचारतो, कूळ विचारतो, घरची चालरीत विचारतो. नुसत्या रूपावर कुणी होकार देत नाही. दहा-बारा वर्षं घरात राहणाऱ्या जनावराच्या बाबतीत मात्र फोटो पाहून पैसे मोजले जातात. तर आधी त्याच्या माहेरची चौकशी करू.

हा कुत्रा तिबेटच्या पठारावरचा आणि त्याला लागून असलेल्या हिमालयातला. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे. हवा विरळ, थंडी हाडं गोठवणारी आणि झाड औषधालाही नाही. तिथे याक आणि मेंढ्या घेऊन फिरणारे पशुपालक काळ्या याकच्या केसांच्या तंबूत राहतात. पुरुष माणसं जनावरं घेऊन लांब चराईला जातात. मागे तंबूत राहतात बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. दूध काढायचं, लोणी घुसळायचं, शेणी वाळवायच्या, हे सगळं बायकांकडे. आणि त्या तंबूची राखण या कुत्र्याकडे.

तिबेटी भाषेत त्याला 'दो-ख्यी' म्हणतात. त्याचा अर्थ बांधून ठेवलेला कुत्रा. दिवसा तो तंबूच्या दाराशी किंवा मठाच्या दरवाज्यापाशी बांधलेला असतो. अंधार पडला की त्याला सोडायचं. मग रात्रभर त्याचं राज्य. लांडगा, हिमबिबट्या, अस्वल, चोर, जे कुणी येईल ते त्याने पाहायचं. काही ठिकाणी त्याच्या गळ्यात याकच्या केसांचा लाल रंगवलेला जाड गोंडेदार पट्टा घालतात. आपल्याकडे पोळ्याला बैल सजवतात तसाच तो मानाचा दागिना. 'मॅस्टिफ' हे नाव पुढे युरोपीय लोकांनी दिलं. कुठलाही दांडगा, धिप्पाड कुत्रा दिसला की ते त्याला मॅस्टिफ म्हणत.

या जातीच्या काळ्या कुत्र्यांच्या डोळ्यांवर बहुधा दोन तपकिरी ठिपके असतात. लांबून चार डोळे असल्यासारखे वाटतात. झोपला तरी वरचे दोन डोळे उघडे, अशी तिकडे समजूत आहे. गंमत म्हणजे आपल्या ऋग्वेदातही यमाचे दोन कुत्रे आहेत, सरमेची पिल्लं, आणि त्यांनाही चार डोळे आहेत. त्यांचं कामही वाटेवर पहारा देण्याचंच. ते कुत्रे तिबेटचे होते असं मी म्हणत नाही. पण राखणदार कुत्र्याची ही कल्पना किती जुनी आहे ते यावरून कळतं. शाळेत युधिष्ठिराच्या महाप्रस्थानाची गोष्ट सांगितली की मुली हमखास विचारतात, "बाई, त्याच्याबरोबरचा कुत्रा कोणत्या जातीचा?" ते काही व्यासांनी लिहून ठेवलेलं नाही.

शास्त्रज्ञांनी मात्र या कुत्र्याबद्दल एक सुंदर गोष्ट शोधून काढली आहे. विरळ हवेत जगण्यासाठी रक्तात जे बदल लागतात, ते घडवणारा एक जनुक या कुत्र्यांना तिथल्याच लांडग्यांपासून मिळाला, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. म्हणजे खालच्या मुलखातली कुत्री माणसाबरोबर वर चढली, तिथल्या लांडग्यांशी त्यांचा संकर झाला आणि पिल्लांना आजोळकडून उंचीवर तग धरायची देणगी मिळाली. ज्या लांडग्यापासून राखण करायची, त्याचंच थोडं रक्त याच्या अंगात!

अंगलट आणि चालरीत

पुरा वाढलेला नर चाळीस ते सत्तर किलोपर्यंत भरतो. घरात येणारा भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आतबाहेर असतो. तेव्हा असे दोन सिलिंडर साखळीला बांधून ओढताहेत अशी कल्पना करा. मादी त्यापेक्षा हलकी असते. अंगावर केसांचे दोन थर असतात. आत लोकरीसारखा दाट आणि वर राठ, लांब. नराच्या मानेभोवती आयाळ दिसते ती याच केसांची. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, आतली लोकर गळते. तेव्हा घरभर गादी फाटल्यासारखा कापूस उडतो.

इतर कुत्र्यांच्या माद्या साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येतात. ही मादी बहुधा एकदाच येते, तीही शरद ऋतूत. पिल्लं ऐन थंडीत होतात. अंगाने आणि मनाने हा कुत्रा सावकाश मोठा होतो. मादीला दोन-तीन वर्षं लागतात, नराला त्याहूनही जास्त. वर्षाचा होईपर्यंत लाडिक असलेलं पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अचानक गंभीर होतं, पाहुण्यांवर गुरगुरायला लागतं. "आमचा असा नव्हता हो!" असं लोक म्हणतात ते तेव्हा. बिघडलेलं काही नसतं. तो वयात आलेला असतो आणि त्याने आपलं पिढीजात काम हाती घेतलेलं असतं.

स्वभाव म्हणजे काय?

आता मुद्द्याचं. माझ्या मते या पत्राचं खरं उत्तर इथेच आहे.

कुत्र्याचा स्वभाव हा त्याच्या पूर्वजांच्या कामातून येतो. अल्सेशियनचे पूर्वज मेंढपाळाच्या हुकमावर मेंढ्या वळवत. त्यामुळे तो मालकाच्या तोंडाकडे पाहतो, 'आता काय करू?' असं विचारतो, शिकवलेलं पटकन शिकतो. तिबेटच्या कुत्र्याला हे शिकवलंच गेलं नाही. मध्यरात्री बर्फात लांडगा आला तेव्हा मालक तंबूत झोपलेला असे. हुकूम द्यायला कोणी नव्हतं. येणारा आपला की परका, भुंकून भागेल की अंगावर जायचं, हे त्याने त्याचं ठरवायचं. ज्यांना हे ठरवता आलं त्यांची पिल्लं लोकांनी राखली. शेकडो वर्षं असं चालल्यावर जो कुत्रा तयार झाला तो हुकमाची वाट न पाहणारा आहे.

म्हणून तो हट्टी वाटतो. हाक मारली की येईलच असं नाही. ऐकू आलेलं असतं, पण यायची गरज आहे का याचा तो विचार करत असतो. चेंडू फेकला तर एकदा आणेल, दुसऱ्यांदा "तुम्हाला नको असेल तर कशाला आणू?" अशा नजरेने पाहील. मारून, ओरडून त्याच्यावर वचक बसत नाही. उलट तो मनातून उतरतो किंवा उलटतो.

घरच्या माणसांवर मात्र त्याची माया फार. ती पायात घोटाळणारी, चाटणारी माया नव्हे. तो दाराच्या उंबऱ्यापाशी आडवा पडेल, जिथून घरातलं सगळं दिसतं अशी जागा शोधेल. मुलं कुठे आहेत, म्हातारं माणूस कुठे आहे, याच्यावर त्याचं लक्ष असेल. दिवसा पुष्कळ झोपेल. रात्री अंगणाला फेऱ्या घालील. आणि भुंकेल. त्याचा आवाज खोल, ढोल घुमल्यासारखा आहे. तिबेटच्या माळावर तो दुरून येणाऱ्या लांडग्याला सांगे की इथे मी आहे. आपल्या कॉलनीत तो समोरच्या काकांना, बारावीच्या मुलाला आणि तान्ह्या बाळाच्या आईला रात्रभर तेच सांगेल.

परक्या माणसाबद्दल त्याला संशय असतो. सगळे चावतात असं नाही. चांगल्या घरात, माणसांत वाढलेला कुत्रा मालकाने "ये" म्हटलेल्या पाहुण्याला येऊ देतो. पण तोच पाहुणा मालकीणबाई आत चहा टाकायला गेल्यावर उठून कपाटाकडे जाऊ लागला, तर ते त्याला चालेलच असं नाही.

आता सांगा, यात त्याचा दोष कोणता? तंबूच्या दाराशी हाच गुण. तिथे महिन्यात चार परकी माणसं येत असतील. आपल्या दाराशी सकाळी सात ते अकरात किती येतात ते मोजून पाहा. दूधवाला, पेपरवाला, कामाच्या बाई, कचऱ्याची गाडी, गॅसवाला, कुरियरवाला, शेजारच्या वहिनी विरजण मागायला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पन्नास बायका, गणपतीत तर दार उघडंच. त्याच्या लेखी हे सगळे रोजचे घुसखोर. एकतर तो रोज अस्वस्थ राहणार, नाहीतर रोज मागच्या खोलीत कोंडला जाणार. दोन्हींनी कुत्रा बिघडतो.

हौस आणि तिचं मोल

या कुत्र्याच्या मोठेपणाचं जगाला जुनं आकर्षण आहे. तिबेटात गाढवाएवढे कुत्रे असतात, असं तेराव्या शतकातल्या मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात आहे. १८४७ साली हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंग यांनी राणी व्हिक्टोरियाला असा एक कुत्रा भेट पाठवला. सिक्कीममध्ये असलेले कर्नल बेली आणि त्यांच्या पत्नी १९२८ साली विलायतेला परतले ते हे कुत्रे घेऊन. बेलीबाईंनी पुढाकार घेऊन १९३१ साली तिबेटी कुत्र्यांसाठी तिथे संस्थाही काढली. अमेरिकेत २००७ पासून तो 'कामकरी' कुत्र्यांच्या गटात मोजला जातो. शोभेच्या नव्हे, कामकरी! हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हौस हाताबाहेर गेली ती चीनमध्ये. नव्याने पैसा आलेल्या लोकांना दाराशी मोटारीबरोबर हा कुत्राही हवा झाला. २०११ साली एक लाल रंगाचा कुत्रा एक कोटी युआनला विकला गेल्याची बातमी आली. २०१४ मध्ये दुसऱ्याची किंमत एक कोटी वीस लाख युआन झाली. रुपयांत मोजलं तर बारा कोटींच्या आसपास. मग आयाळ दाट दिसावी म्हणून खोटे केस लावणं आलं, मिश्र पिल्लं अस्सल म्हणून विकणं आलं. ऑगस्ट २०१३ मध्ये हेनान प्रांतातल्या एका प्राणिसंग्रहालयात तर आणखी मजा झाली. एक आई आपल्या लहान मुलाला प्राण्यांचे आवाज ऐकवायला घेऊन गेली होती. 'आफ्रिकन सिंह' अशी पाटी असलेल्या पिंजऱ्यातला प्राणी भुंकायला लागला! तो होता हाच कुत्रा. २०१८ मध्ये उलटी बातमी आली. युन्नान प्रांतातल्या एका कुटुंबाने हौसेने आणलेलं मॅस्टिफचं पिल्लू दोन वर्षं फळं आणि नूडल्स खाऊन वाढतच गेलं, शेवटी दोन पायांवर चालायला लागलं. ते निघालं काळं अस्वल.

हसू येतं, पण पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही. दोन-तीन वर्षांत हौस ओसरली. शहरांमध्ये मोठे कुत्रे पाळायला बंदी असतेच, बीजिंगच्या मध्यभागात पस्तीस सेंटिमीटरपेक्षा उंच कुत्रा चालत नाही. त्यात सरकारने भ्रष्टाचाराविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा श्रीमंती मिरवणं जड जाऊ लागलं. २०१५ पर्यंत किमती कोसळल्या. पैदास करणाऱ्यांना खाऊ घालणं परवडेना. काही कुत्री मांसासाठी विकली गेली. तिबेटच्या पठारावर कितीतरी नुसती सोडून दिली गेली. टोळ्यांनी फिरणाऱ्या मोकाट कुत्र्यांनी तिथल्या लोकांच्या मेंढ्या फाडल्या, माणसांना चावे घेतले. ज्या मेंढ्या राखायला ही जात घडली, त्याच मेंढ्या तिने मारल्या. मैत्रिणींनो, हा दोष कुत्र्याचा म्हणायचा का?

आपल्या हवेत

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो हे त्या भगिनींना मी काय सांगायचं! त्या वेळी लोकरीचे दोन कोट घालून अंगणात बसलेला हा जीव डोळ्यांपुढे आणा. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, जिभेवाटे धापा टाकूनच तो अंग गार करतो. एवढ्या मोठ्या शरीराला ते पुरत नाही. म्हणजे उन्हाळाभर त्याला कूलर किंवा एसीच्या खोलीत ठेवायचं. वीज गेली की धावपळ. उकडतं म्हणून काहीजण त्याचे केस भादरतात. तसं करू नये. उन्हाने कातडी भाजते आणि केस पुन्हा नीट येत नाहीत. पुणे-नाशिकची हवा थोडी बरी, पण थोडीच.

मुलांचाही विचार करायला हवा. घरच्या मुलांवर तो जीव टाकतो, हे खरं. पण सातवीतल्या मुलीच्या मैत्रिणी आल्या, हसत-ओरडत पकडापकडी सुरू झाली, एकीने तिला धरून ओढलं, तर त्याला तो खेळ आहे हे कसं कळणार? आपल्या लेकराला कुणीतरी धरलंय एवढंच त्याला दिसतं. आणि मघाशी सांगितलं तसं, तो आपल्याला विचारत बसत नाही.

सासूबाईंचाही. त्याने मायेने अंग घासलं तरी सत्तरीचं माणूस पडेल. त्या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे.

आणि कायद्याचंही पाहावं लागतं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून तेवीस प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं. त्या यादीत 'मॅस्टिफ' हा शब्दही होता. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. पण तुमच्या महापालिकेत परवान्याचे काय नियम आहेत, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. कुणाला चावा घेतला तर कायद्याने जबाबदार धरतात ते मालकाला.

घरी आलेलाच असेल तर

काही घरांत हे सदर पोहोचेपर्यंत पिल्लू आलेलंही असेल. त्यांच्यासाठी काही गोष्टी:

१. पिल्लू असतानाच त्याला माणसं दाखवा. पहिल्या तीन-चार महिन्यांत जेवढी वेगवेगळी माणसं, आवाज, वाहनं तो शांतपणे पाहील, तेवढा पुढे कमी बिथरेल. डॉक्टरांनी लस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका म्हटलं असेल तर कडेवर घेऊन दाखवा.

२. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयाला आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे न चुकता. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाच्या हिशेबाशेजारी.

३. खाणं दोन वेळा विभागून द्या. नुसती दूध-पोळी या कुत्र्याला पुरत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कधीही देऊ नका, ते कुत्र्यांना विषारी असतं. म्हणून फोडणीची उरलेली आमटी त्याच्या ताटलीत नको.

४. जेवणानंतर लगेच पळवू नका. मोठ्या छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. पोट टम्म झालं, ओकारीचे उमाळे येतात पण काही पडत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

५. वाढत्या वयात जिने चढउतर करायला लावू नका, आणि डॉक्टरांना न विचारता कॅल्शियम देऊ नका. या जातीत खुब्याच्या सांध्याचा त्रास आढळतो.

६. उन्हाने धापा थांबत नाहीत, लाळ गळते, हिरड्या लालभडक होतात, चालताना झोकांड्या जातात, ही उष्माघाताची लक्षणं. सावलीत न्या, अंगावर साधं गार पाणी ओता, पंखा लावा आणि डॉक्टर गाठा.

७. कुंपण उंच आणि दाराला दोन कड्या. बाहेरच्या माणसाला आत येण्याआधी थांबता येईल अशी जागा हवी. 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपली असं नव्हे.

८. पाहुण्यांची मुलं आणि हा कुत्रा यांना मोठ्या माणसाशिवाय एकत्र सोडू नका. पाच मिनिटंसुद्धा नाही.

९. कुणाला चावलाच, खरचटलं तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही लावत बसू नका. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून आपली लस टाळू नका. सरकारी दवाखान्यात ती मिळते.

मग राखण कुणी करायची?

चोऱ्यांची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण चोराला नको असतो तो आवाज आणि उजेड. त्यासाठी सत्तर किलोंचा कुत्रा लागत नाही. अंगणात दिवा, दाराला चांगली जाळी, शेजाऱ्यांशी ठरवलेली हाक आणि एखादं गावठी कुत्र्याचं पिल्लू. आपली गावठी कुत्री आपल्या हवेत जन्मतात, आपलंच अन्न खातात, सावध असतात आणि परका माणूस दिसला की गल्ली जागी करतात. पावसाळा संपला की मेंढ्यांचे कळप घेऊन उतरणारे धनगर तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या वाड्यावर रात्री लांडग्याला हुसकावतात ती त्यांची कुत्रीच. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार आहेत, त्यांत विलायती एकही नाही.

हिमालयाच्या आपल्या बाजूलाही अशी राखणदार कुत्री आहेत. हिमाचलमधल्या गद्दी मेंढपाळांचा गद्दी कुत्रा, उत्तराखंडातला भोटिया. बिबट्याने नरडं धरू नये म्हणून त्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे असतात. गद्दी कुत्र्याला २०२५ मध्ये देशी जात म्हणून सरकारी मान्यताही मिळाली. ट्रेकला जाणारी आपली मुलं तिथून "आई, एक पिल्लू आणू का?" असा फोन करतात. त्यांनाही हेच सांगावं. त्याला तिथे काम आहे, माणसं आहेत, थंडी आहे. इथे आपण त्याला काय देणार?

आता जळगावच्या भगिनींना. ताई, तुम्हाला कुणी विचारलं नाही हे तुम्ही लिहिलंत. न विचारता तुम्ही सांगा. भांडण करून नको, रात्रीची जेवणं झाल्यावर एक कागद घेऊन बसा. त्यावर दोन रकाने करा, काम आणि ते करणाराचं नाव. सकाळचं फिरवणं, संध्याकाळचं फिरवणं, खाणं, पाणी, केस विंचरणं, अंगण धुणं, डॉक्टर, उन्हाळ्यातली वीज, दारी आलेल्या माणसाला आत घेणं, गावाला जाताना कुत्र्याजवळ कोण राहणार. प्रत्येक कामापुढे नाव लिहायला लावा. मुलाचं कॉलेज दोन वर्षांत संपेल, नोकरी पुण्याला लागेल. हा कुत्रा दहा-बारा वर्षं जगेल. तेव्हा त्या रकान्यात कुणाचं नाव उरतं तेही लिहा.

सगळीकडे तुमचंच नाव आलं, तर निर्णयही तुमचाच असला पाहिजे. साठ किलोंचा, स्वतःच्या मनाने चालणारा प्राणी दुपारी दोन वाजता दाराशी आलेल्या माणसावर धावला, तर त्याची साखळी धरणारे हात तुमचे असतील. त्या हातांना ते झेपणार नाही असं वाटत असेल तर "नाही" म्हणा. त्यात कुत्र्यावरचं प्रेम कमी पडलं असं होत नाही, उलट त्या जिवाचंही त्यात भलं आहे. आणि तुम्हाला स्वतःलाच हवा असेल, अंगण मोठं करून, थंड खोली करून, वेळ देऊन सांभाळायची तयारी असेल, तर तेही कळवा. त्याच्या खाण्यापिण्याचं सविस्तर लिहीन.

पुढच्या आठवड्यात सोलापूरच्या भगिनींनी विचारलेला प्रश्न घेऊ : वर्षाच्या गव्हाला कीड लागू नये म्हणून काय करावं? तुमच्याकडे आजीच्या वेळच्या काही युक्त्या असतील तर लवकर लिहून पाठवा.